रानराख्याचा जोडीदार

पुंजाराम बहिरा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याने ते जन्मभर लपवलं आणि लपवता लपवता होतं नव्हतं ते घालवून बसला. डाव्या कानाने काहीच ऐकू येत नसे. उजव्याने शेजारी ढोल बडवला तर काहीतरी वाजतंय एवढं कळायचं. लहानपणी कान फुटले होते. आईने, द्वारकाबाईने, गावी वडीगोद्रीत जो सांगेल त्याचं तेल कानात ओतलं. त्यातून जे उरलं होतं ते जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलने खाल्लं.

मिलमध्ये तो स्टँडवर होता. स्टँड म्हणजे फिरते लोखंडी रूळ, त्यांच्यात लहानमोठी भोकं. भट्टीतून निघालेलं लालभडक लोखंड एका भोकातून बाहेर पडलं की चिमटेवाल्याने त्याचं तोंड धरायचं आणि पुढच्या भोकात घालायचं. असं करत करत त्याची सळई होते. कधीकधी सळईला भोक सापडत नाही आणि ती मोकाट उसळते. ज्याला आधी दिसलं तो ओरडतो, बाकीचे मागे उड्या मारतात. हेल्मेट, बूट, पाट्या वगैरे सगळं साहेबलोक येतात त्या दिवसापुरतं. एरवी माणूस वाचायचा तो त्या एका ओरडण्यावर, आणि तेच पुंजारामला ऐकू यायचं नाही.

तरी तो तिथे इतकी वर्षं धडधाकट टिकला, कारण त्याच्या बाजूला भिवा असायचा. स्टँडवर माणसं जोडीने लावतात. एकाने आच सोसायची, तोवर दुसऱ्याने दम खायचा, मग बदली. त्या दुसऱ्याला जोडीदार म्हणतात. भिवा नव्या जालन्यातल्या बौद्ध वस्तीतला, दहावी पास, कमी बोलणारा. हाक मारली तर पुंजाराम वळत नाही, पण पायाखालचा पत्रा हादरला की उडी मारतो, हे त्याने पहिल्या वर्षीच हेरलं. विचारलं काहीच नाही. सळई सुटली की ओरडायच्या आधी तो पत्र्यावर चिमट्याचे दोन ठोके मारायचा आणि ते पुंजारामच्या तळव्यांना कळायचे. बहिऱ्याला स्टँडवर कोण ठेवतो? मुकादमाला कळलं असतं तर त्याच दिवशी हातातला चिमटा जाऊन झाडू आला असता. ते फक्त भिवाला माहीत होतं आणि त्याने ते पोटात ठेवलं होतं.

मी तातेराव. बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासायचं काम करायचो. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि किती जिवंत निघतात ते बघायचं. दिवसभर असं दाण्यांच्या तोंडाकडे बघत बसलेल्या माणसाला संध्याकाळी जरा खोटं बोलावंसं वाटणारच. त्याची सोय झाली स्टेशन रोडवरच्या सर्जेरावच्या झेरॉक्सच्या दुकानात. दोन हजार दोन साल असेल. औरंगाबादला इंजिनियरिंग करणारं कोणाचं तरी पोरगं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक झेरॉक्सला टाकून गेलं. सर्जेरावने नेहमीप्रमाणे दोन प्रती काढल्या, एक गिऱ्हाइकाची आणि एक आपली. चित्रं झकास होती, इंग्रजीशी मात्र सर्जेरावचा छत्तीसचा आकडा. मग ते पुस्तक माझ्या गळ्यात पडलं.

तो एक खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी लढवय्या, कोणी मांत्रिक, कोणी चोर. गोष्ट सांगणारा म्हणतो, समोर पूल तुटलाय, काय करता? प्रत्येकाने आपापलं सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरायचं. वीस बाजूंचा फासा जालन्यात कुठला मिळायला! आम्ही डालड्याच्या डब्यात वीस चिठ्ठ्या टाकल्या. संध्याकाळी शटर अर्धं ओढून बसायचो. सर्जेराव मांत्रिक झाला होता आणि कुठलाही मंत्र धड लागला नाही की डब्याला शिव्या घालायचा.

पुंजाराम रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आला आणि चित्रं बघत उभाच राहिला. दोन तास उभा होता. शेवटी सर्जेराव वैतागून म्हणाला, "आरं बस तरी, नायतर जाय तरी." तो बसला आणि पुढे वर्ष-दीड वर्ष, मिलला सुट्टी असेल त्या संध्याकाळी, बसतच राहिला. चिमटे धरून धरून हाताला घट्टे पडलेल्या या माणसाला आमच्या पोरकटपणात काय दिसलं, ते मला लवकर कळलं नाही. मग एकदा लक्षात आलं. त्या खेळात एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीच्यांनी गप्प बसून त्याच्या तोंडाकडे बघायचं, मग पाळी पुढच्याची. लग्नात, पारावर, मिलच्या कँटीनमध्ये सगळे एकदम बोलतात. तिथे पुंजाराम नुसता हसून वेळ मारून न्यायचा. इथे ट्यूबलाइटखाली प्रत्येकाचे ओठ त्याला नीट दिसत होते. त्याला एवढी सुखाची बैठक दुसरीकडे कुठे मिळाली नसेल.

त्याने आपला माणूस बनवला तो दिवस मला चांगला आठवतो. चित्रातला एक धनुष्यवाला त्याला आवडला. रानात राहणारा, माग काढणारा, आणि पायाशी एक लांडगा. इंग्रजीत त्याला रेंजर म्हणतात. जालन्यात रेंजर म्हटलं की लोकांना सायकल आठवते, म्हणून मी त्याचं रानराखा केलं. रानराख्याला एक सोबती जनावर मिळतं. ते त्याच्या शब्दाबाहेर नसतं, त्याच्यासाठी लढतं, आणि त्याने स्वतःहून सोडल्याशिवाय त्याला सोडून जात नाही.

"लांडगा घे," मी म्हणालो. "चावा जबरदस्त आहे."

"लांडगा नको. आमच्या शेळ्या खाल्ल्या त्यानं."

"मग ससाणा घे. लांबचं दिसतं त्याला."

"गावरान कुत्रं हाये का पुस्तकात?"

कुत्रं होतं, पण अगदी तळाला, गाढवाच्या शेजारी. मी समजावलं की अरे, लांडगा फुकट मिळत असताना कुत्रं कोणी घेतं का? त्याने ऐकलं नाही. नंतर गुण वाटायची वेळ आली. ताकद, चपळाई, अक्कल, नजर, कान, असे ठरलेले गुण असतात आणि ते आपल्यात आणि जनावरात विभागून घ्यायचे असतात. पुंजारामने आपल्या रानराख्याच्या कानापुढे शून्य मांडलं.

"गधड्या," मी म्हणालो, "रानात राहणाऱ्याला कान नकोत? वाघ मागून येऊन खाईल."

"कुत्रं सांगंल ना. ते पायाला धक्का देईल. दोनदा."

आणि वाचवलेले सगळे गुण त्याने कुत्र्याला देऊन टाकले. कान कुत्र्याला, चपळाई कुत्र्याला, अक्कलही निम्म्याहून जास्त कुत्र्यालाच. सर्जेराव खो खो हसला. म्हणाला, "ह्यो तर कुत्र्याचा सोबती झाला." पुंजारामने ते ओठांवरून वाचलं आणि तोही हसला. कुत्र्याचं नाव त्याने जोडीदार ठेवलं. मला तेव्हा मिलमधलं काही माहीत नव्हतं. चांगलं नाव आहे, म्हणून लिहून टाकलं.

तो बहिरा आहे हे मला कळलं लोडशेडिंगमुळे. थंडीचे दिवस होते, सहालाच अंधारून आलं होतं. ऐन गोष्टीत लाइट गेली. मी तसाच सांगत राहिलो, गुहेत अंधार असला की मजाच येते म्हणून. "पुंजाराम, काय करतोस?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात विचारलं. आणि तो एकदम म्हणाला, "यंदा तूर बरी हाये म्हन्तेत आमच्याकडं." सर्जेरावने मेणबत्ती लावली तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. चोरी करताना पकडलेल्या माणसासारखा तो आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होता.

घरी जाताना त्याने खांबाखाली मला थांबवलं आणि सगळं सांगितलं. कान, पत्रा, भिवा, सगळं. "मिलमधी बोलू नका. मला झाडू देतेल. घरी झुंबरबाईलाबी पुरं म्हाईत न्हाई. तिला वाटतं मी मुद्दाम आयकत न्हाई." मी म्हटलं, बोलणार नाही. आणि मला त्याच्याविषयी फार वाईट वाटलं, हे उघड सांगतो. बायकोने उर्मट समजलेलं चालेल पण बहिरा समजू नये, असं ज्या माणसाला वाटतं त्याचे दिवस कसे जात असतील?

त्यानंतर तो खेळायचा ते बघताना मला हसू येईनासं झालं. कुत्र्याला काही होऊ द्यायचं नाही, हा त्याचा एकच हट्ट. अजगराने कुत्र्याला विळखा घातला की हा म्हणणार, "मला घालू द्या." बाण आला की, "मी मधी पडतो." मी चिडायचो. नियमाप्रमाणे जनावर असतंच मुळी तुझ्या वाटचं झेलायला! तो शांतपणे म्हणायचा, "ते रोजच झेलून राह्यलं. एखांद दिस म्या झेललं तर काय बिघडलं?" त्याचा रानराखा कायम अर्धमेला असायचा आणि कुत्रं टवटवीत. मिलमध्ये तो भिवाला कधी धन्यवाद म्हणाला नसेल. आपल्याकडे पुरुष मित्राला असलं काही म्हणतात का? त्याची सगळी फेड तो आमच्या त्या डालड्याच्या डब्यापुढे करत होता.

भिवाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो विहारात मुलांची शिकवणी घ्यायचा. पुढच्या पावसाळ्यात एकदा वर्षावासाच्या कार्यक्रमाची पत्रकं झेरॉक्स करायला तो दुकानात आला आणि बाहेर पावसाची सर आली म्हणून आत टेकला. पुंजारामचा आनंद काय सांगू! घरी पाहुणा आल्यावर लहान पोर आपली खेळणी काढून दाखवतं, तसं त्याने चित्रं, चिठ्ठ्या, डबा सगळं त्याच्यापुढे मांडलं.

"बघ भिवा, हा मी. रानराखा. अन् हे माहं कुत्रं. जोडीदार."

"जोडीदार?" भिवा हसला. "काय करतं ते?"

"माहे कान हाये ते. कोनी आलं की पायाला धक्का देतं. दोनदा."

भिवाचं हसू तिथेच थांबलं. सर्जेराव म्हणाला, चला, गोष्ट पुढे घ्या, आणि मी घेतली. माझ्या गोष्टीतली मंडळी संध्याकाळी एका सराईत पोचली. सराईवाला दारात आडवा आला आणि म्हणाला, माणसं आत या, जनावराचं काय? मी हे सहज विचारलं होतं. सराईवाले असं विचारतातच.

पुंजाराम तितक्याच सहज म्हणाला, "ते बाहीर बसंल. त्याला सवय हाये. त्याचं पानी येगळ्या भांड्यात द्या, पर आधी त्याला द्या."

भिवा उठला. मला वाटलं पाऊस थांबला म्हणून निघाला. पण त्याने स्टूल ओढलं, पुंजारामच्या अगदी समोर ठेवलं आणि ट्यूबलाइटचा उजेड आपल्या तोंडावर पडेल असा बसला. रागातसुद्धा त्याने आधी ते बघितलं.

"पुंजाराम, मी तुह्या गावाला किती येळा आलो? तुह्या पोरीच्या बारशालाबी आल्तो. दर येळेला ओट्यावर बसलो. तुह्या माईनं कान तुटलेल्या कपात चहा देल्ता. तो म्या हापशावर इसळला अन् पालथा घातला. तू बघत व्हता. म्या मनाला समजावलं, म्हातारी जुन्या वळणाची हाये, पुंजाराम तसा न्हाई. अन् तू मला पार कुत्रंच करून ठिवलं?"

पुंजाराम पांढरा पडला. "आरं तसं न्हाई रे. ते सगळ्यात चांगलं हाये. माह्यापरीस जास्ती ताकद त्याला देली म्या. इचार यांला. त्याला काटाबी लागू देत न्हाई."

"कोनाला पायजे तुही ताकद? मानूस लिव्हायचा ना. मानूस लिव्हायला जागा न्हवती का त्या कागदावर?"

पुंजारामने माझ्याकडे बोट केलं. "पुस्तकातच जनावर हाये. नियम हाये तसा."

मी मान डोलावली. खरंच नियम तसा होता. भिवा माझ्याकडे वळून म्हणाला, "नियम तसाच अस्तो, तातेरावभाऊ. आमाला म्हाईत हाये." आणि पत्रकं शर्टाच्या आत घालून पावसातच निघून गेला.

मी भिवाची बाजू घेतो. तेव्हाही घेतली होती आणि आजही घेतो. पुंजारामच्या मनात कपट नव्हतं हे मला शपथेवर सांगता येईल, पण म्हणून काय झालं? मनात काही नसताना तोंडून जे सहज निघतं तेच माणसाला जास्त लागतं. त्याने मुद्दाम अपमान केला असता तर भिवाने दोन कानाखाली वाजवून विषय संपवला असता. इथे पुंजारामने जीव ओवाळून टाकला होता, आणि तो ओवाळून टाकतानासुद्धा भिवाला दाराबाहेरच बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकापाशी भिवाने त्याला अडवलं. हे पुंजारामनेच मला नंतर सांगितलं. भिवा म्हणाला, "मी भट्टीवर बदली मागून राह्यलो. पगाराच्या दिवसापस्तोर हितं हाये. तवर तू मुकादमाला कानाचं सांग, नायतर स्टँड सोड. मी कोनाला सांगनार न्हाई. तू सांग." इतकं सरळ, इतकं माणुसकीचं बोलणं. आणि हा शहाणा गप्प बसला. पगाराचा दिवस आला, भिवा भट्टीकडे गेला, आणि पुंजारामच्या बाजूला बिहारकडचा एक नवा गडी आला. तो चांगला होता, पण त्याला पत्र्याचं काय ठाऊक?

मी त्याला तळमळून सांगितलं, "अरे बाबा, सांगून टाक. झाडू तर झाडू." तो म्हणायचा, "सांगतो, सांगतो." चिमटा धरणारा माणूस मिलमध्ये छाती काढून चालतो, त्याला पोरं दादा म्हणतात. वडीगोद्रीला गेला की लोक विचारतात, स्टँडवर हायेस ना अजून? झाडूवाल्याला कोणी काही विचारत नाही. शिवाय मला वाटतं, त्याला आशा होती. भिवाचा राग उतरेल, चार-आठ दिवसांत तो येऊन पुन्हा बाजूला उभा राहील.

भिवा भट्टीकडे गेल्यावर तो एकदाच दुकानात आला. खोडरबर मागून घेतलं आणि कागदावरचं कुत्रं खोडून काढलं.

"इथं मानूस लिव्हता येतो का?"

"लिही की," मी म्हणालो. "गेला नियम खड्ड्यात."

तो पेन्सिल धरून बराच वेळ बसला. सर्जेरावने दोन-तीन गिऱ्हाइकं केली तरी हा तसाच. शेवटी मी विचारलं, काय अडलं? तो म्हणाला, "कुत्रं सोडून जात न्हाई, असं पुस्तकात लिव्हलंय. मानूस असला तर तो माह्यासाठी काहून थांबंल?" त्याने पेन्सिल ठेवली आणि कागद तसाच टाकून गेला.

पोळा होऊन गेल्यावर कधीतरी सळई सुटली. स्टँडवरचे सगळे ओरडून मागे पळाले. पुंजाराम खाली वाकून चिमट्याचं तोंड बघत होता. सळईने त्याच्या मांडीला वेढा घातला. मी त्याचं आणखी वर्णन करणार नाही. माझ्या कंपनीत फोन आला आणि मी सरळ दवाखान्यात गेलो. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेनासा झाला. मुकादम येऊन म्हणाला, एवढे बोंबललो, हा बहिरा आहे का? झुंबरबाई मांडीवर पोर घेऊन बाजूला बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं तिला त्या क्षणी गेल्या सगळ्या वर्षांचा उलगडा झाला. ती रडायला लागली. तो मात्र छताकडे बघत पडून राहिला.

भिवा आठवड्याने आला. मी तिथेच होतो. त्याने थर्मास आणला होता. कपात चहा ओतला, पुंजारामच्या पाठीला हात लावून त्याला बसतं केलं आणि कप हातात दिला. पुंजारामने दोन घोट घेतले. मग म्हणाला, "चुकलं, भिवा." फक्त एवढंच. भिवाने ऐकलं. तो उठून खिडकीपाशी गेला, आमच्याकडे पाठ केली आणि बाहेर बघत बोलला. आवाज बारीक होता, तरी मला स्पष्ट ऐकू आला.

"मी वरडलो व्हतो रे. भट्टीपासून वरडलो. पळतबी आलो. पर पत्रा लांब व्हता."

पुंजारामला पाठ तेवढी दिसत होती. "काय म्हनून राह्यला तो?" त्याने मला विचारलं. भिवाने वळून माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ आवरली. "ऊन फार आहे म्हणतो," मी म्हणालो. भिवाने थर्मास तिथेच ठेवला, झुंबरबाईला "येतो वहिनी" म्हटलं आणि गेला. काही महिन्यांनी त्याने मिल सोडली. पुण्याकडे कुठल्या कारखान्यात लागला असं ऐकलं. आमचा खेळ तर कधीच बंद पडला होता. तिसरा माणूस मिळाला नाही आणि आम्हीही शोधला नाही.

पुढे दोन हजार नऊमध्ये कंपनीच्या कामाने मी वडीगोद्रीला गेलो. एका शेतकऱ्याच्या कपाशीचा प्लॉट बघायचा होता. महामार्गाच्या कडेला पुंजारामचं छोटं दुकान दिसलं. बिस्किटं, तंबाखू, मोटारसायकलच्या ट्यूबा. पाय लांब करून तो खुर्चीत बसला होता. आता बहिरेपण लपवायचं काही उरलं नव्हतं. गिऱ्हाईक समोर येऊन बोटाने दाखवायचं आणि तो द्यायचा. गावात त्याला आता सगळे बहिऱ्याच म्हणत होते, तोंडावरसुद्धा. केस पार पिकले होते. मला बघून त्याला आनंद झाला. पोरीचं बोलला, पावसाचं बोलला. आई गेल्याचं सांगितलं. मग एकदम माझा हात धरला.

"तातेराव, एक सांगा. त्या दिशी दवाखान्यात तो खिडकीकडं तोंड करून काय म्हन्ला व्हता?"

"इतकी वर्षं झाली..."

"ऊन न्हवतं त्या दिशी. आभाळ आल्तं."

आता लपवून कोणाचं काय राखायचं होतं? मी खुर्ची त्याच्या पुढ्यात ओढली आणि भिवाचे शब्द जसेच्या तसे, ओठ नीट हलवत सांगितले. तो ओरडला होता. भट्टीपासून ओरडला होता. पळत आला होता. पुंजारामने माझ्या तोंडावरून नजर काढली नाही. "पुन्यांदा सांगा," म्हणाला. मी पुन्हा सांगितलं.

तो रस्त्याकडे बघू लागला. एक ट्रक हॉर्न दाबत अगदी जवळून गेला तरी त्याची पापणी हलली नाही.

"मला वाटलं शिवी देल्ती त्यानं," तो म्हणाला. "इतकी वर्सं मी तेच धरून चाल्लो. म्या त्याला कुत्रं केलं, त्यानं मला शिवी देली, मिटलं. तसंच म्हनून रात्री झोपायचो. शिवी देली आसती तर लई बरं झालं आस्तं, तातेराव. आता हे मी कुठं ठिवू?"